नाशिकजवळ कालव्यालगतच्या रस्त्याखाली काळ्या मातीत सिमेंट मिसळले, तर तो थर पाण्यात किती काळ टिकेल?

नीट मिसळून, दाबून आणि पुरेसा ओला ठेवून पक्का केलेला थर सतत ओलीत राहूनही अनेक दशके टिकू शकतो. मात्र कालव्याची आवर्तने सुटतात आणि बंद होतात तेव्हाचे आळीपाळीने भिजणे-वाळणे त्याला नुसत्या ओलीपेक्षा अधिक घातक ठरते. पाण्यात बुडून राहिलेल्या सिमेंट-मातीतील कॅल्शियम पृष्ठभागाकडून हळूहळू विरघळते आणि कमकुवत झालेल्या भागाची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट काळात दुप्पट, अशी मंदावत वाढते. याउलट काळी माती वाळताना आकसते आणि भेगांतून पाणी थेट आत शिरते. म्हणूनच आयएस 4332 या भारतीय मानकाच्या भाग 4 मधील चाचणीत नमुना 12 वेळा भिजवून वाळवतात आणि ब्रशने घासून वजनातील घट मोजतात. चिकण मातीसाठी ही घट 7 टक्क्यांच्या आत असावी, हा प्रचलित निकष आहे. केवळ 7 दिवसांचे दाबसामर्थ्य (दाब सोसण्याची ताकद) दाखवणाऱ्या कंत्राटदाराकडे या चाचणीचा अहवाल आवर्जून मागावा. काळ्या मातीची ढेकळे सहजासहजी फुटत नाहीत आणि त्यांच्या आत सिमेंट पोहोचतच नाही, त्यामुळे आधी चुना मिसळून ती भुसभुशीत करून घेणे मला तरी अपरिहार्य वाटते. मात्र मातीत किंवा पाण्यात सल्फेट जास्त असल्यास थर फुगून फुटू शकतो आणि मग वरील अनुमान लागू पडत नाही. ती तपासणी काम सुरू करण्यापूर्वीच करून घ्यावी.