लातूर : बोअरचं पाणी भरलेल्या टँकमध्ये अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम), गोल्डफिश वर येऊन हवा घेतायत. काय करू?

तुम्ही दिलेली माहिती अशी : दोन फुटी टँक, चार गोल्डफिश, तीन आठवडे झालेत. सगळं पाणी दोनदा बदललं, फिल्टर नळाखाली चकचकीत धुतला, तरी आकडा परत चढतो.

आधी आजचं बघा. अमोनिया माशांच्या घाणीतून होतो, म्हणून दोन-तीन दिवस खाणं बंद ठेवा, गोल्डफिशला तेवढ्यानं काही होत नाही. एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवा. मग अर्धं पाणी बदला. २ बाय १ बाय १ फुटाच्या टँकमध्ये खडी वगळता साधारण ४५ लिटर पाणी बसतं, म्हणजे २२ लिटर काढायचं. २ चा १ होईल. बारा तासांनी पुन्हा तेवढंच, आणि पुढे आकडा ०.५ च्या वर दिसेल त्या दिवशी पुन्हा. बादल्या आदल्या रात्री भरून घरात ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी थेट ओतलं तर त्या उष्णतेनंच मासे जातील. टँकरचं किंवा मनपाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापानं टाका. पण ते फक्त क्लोरीन मारतं, अमोनियाला हात लावत नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते खतच आहे.

आता तुमचा २ पीपीएम इतका का झोंबतोय ते. टेस्टमध्ये दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) आणि तापमानावर ठरतो. पीएच ७ आणि २५ अंशाला तो जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ आणि ३० अंशाला सात टक्क्यांच्या पुढे. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी बहुधा आठच्या आसपासच असतं आणि एप्रिल-मेमध्ये टँक सहज ३० च्या वर जातो. म्हणून दुसऱ्या गावच्या माणसाला २ पीपीएम निभावलं, म्हणून तुम्हाला निभावेल असं नाही. लिंबू-व्हिनेगर टाकून पीएच पाडू नका. जड पाण्यात तो परत उसळतो आणि ती वरखाली माशांना जास्त जाचते.

वर्षानुवर्षं पाणी न बदललेल्या टँकला मात्र हा अर्ध्याचा हिशेब चालत नाही. तिथं पीएच सहापर्यंत उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. बोअरचं पाणी एकदम पडलं की तोच विषारी होतो. तिथं रोज दहा टक्केच बदला.

तुमचा मूळ घोटाळा फिल्टर धुण्यात आहे. अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर राहतात, पाण्यात फारसे नसतात. त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली धुतलं की ते निघून जातात, आणि नळाला क्लोरीनचं पाणी असेल तर उरलेले त्यानं मरतात. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, तोही प्रवाह मंदावला तरच. बुळबुळीत तपकिरी थर राहू द्या, कामाची वसाहत तीच.

ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांचा वापरातला स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरशेजारी बसवा. त्यांच्याच पाण्यात ओला ठेवून तासाभरात घरी पोचवा. यापेक्षा वेगवान उपाय नाही.

मिठानं अमोनिया जात नाही. पुढच्या टप्प्यात नायट्राइट चढेल, तेव्हा लिटरला १ ग्रॅम साधं मीठ कामाला येतं. झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खडे) टाकलं असेल तर मीठ घालायच्या आधी बाहेर काढा, नाहीतर धरलेला अमोनिया ते पाण्यात सोडून देतं.

लाईट जाते तेव्हा बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू ऑक्सिजनअभावी काही तासांत मरू लागतात. उघडा स्पंज फिल्टर जास्त तग धरतो. त्याचा एअर पंप इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या.

आणि ४५ लिटरमध्ये चार गोल्डफिश बसत नाहीत. दोन आत्ताच मोठ्या टँकवाल्याकडे द्या. उरलेल्यांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसेपर्यंत एकही नवा मासा आणू नका.