वाचकांचे प्रश्न: गिटारची बॉडी अखंड फळीची की जोडाची?

प्रश्न (वडसा परिसर, जि. गडचिरोली): झाडीपट्टीच्या नाटकांत मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आमच्या सुतारभाऊंकडून सागाची बॉडी करून घ्यायची आहे. १४ इंच रुंदीची अखंड फळी काही मिळत नाही आणि तुकडे जोडले तर आवाज बसतो असं सगळे सांगतात. काय करू?

उत्तर: बिनधास्त जोडा. फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली ॲश लाकडात आली, १९५६ पासून बहुतेक आल्डरमध्ये होऊ लागली. दोन-तीन तुकड्यांच्या बॉड्या तिथे नेहमीच्याच. गिब्सनच्या १९५२ च्या लेस पॉलमध्ये तर महोगनीवर मेपलचा थर चिकटवलेला असतो. नीट बसलेला जोड शेजारच्या लाकडापेक्षा मजबूत असतो. उलट एवढ्या रुंद फळीचाच धोका जास्त. चपट्या कापाच्या (खोडाच्या वर्तुळांना समांतर चिरलेल्या) सागात लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला की १४ इंचांमागे सुमारे ३ मिमी फरक पडतो आणि फळी वाटीसारखी वळते. आपल्याकडे मे महिन्याची कोरड आणि श्रावणातली ओल यांत तेवढा फरक सहज पडतो.

वजनाचाही विचार करा. साच्याने कापून, पिकअपचे (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाचे) खड्डे पाडून झाले की स्ट्रॅट धाटणीच्या बॉडीत साधारण सव्वाचार लिटर लाकूड उरतं. साग लिटरला ६५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसती बॉडीच पावणेतीन किलो. रात्रभर चालणाऱ्या नाटकात ती खांद्याला जाणवणारच. म्हणून आमचा सल्ला: मधे ४ इंच साग, दोन्ही बाजूंना ५-५ इंच शिवण झाडाचं लाकूड. शिवण हलकी असते आणि एकदा सुकली की फारशी हलत नाही. बॉडी सव्वादोन किलोच्या आसपास येईल. नेकचा (गिटारच्या मानेचा) खड्डा (५६ मिमी रुंद, १६ मिमी खोल), ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) आणि त्यांचे स्क्रू सगळे मधल्या सागात बसतात. १० नंबरच्या तारांच्या संचाचा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) पंचेचाळीस किलोंच्या वरचा ताण तोच सांभाळतो. जोडाच्या रेषाही या खड्ड्यांच्या बाहेर राहतात.

आरा मशीनवरून २० इंच लांब आणि ५२ मिमी जाड तुकडे घ्या. रंधा मारून शेवटी ४५ मिमी उरले पाहिजेत. सागाची पावती आणि वाहतूक परवाना मागून घ्या. पडक्या वाड्याची जुनी तुळई मिळाली तर उत्तमच, फक्त रंध्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. सागाचा कडेचा पांढरा भाग काढून टाका, त्याला घुण लागतो. लाकूड सुकलं का हे किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा सांगेल: दर आठवड्याला तुकडा तोला, महिनाभर वजन हललं नाही तर तो तयार आहे.

खरी कसोटी कडांची. जोडायच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवा, दोन्ही कडा एकत्र शिकंज्यात धरा आणि लांब रंधा दोन्हींवर एकदमच चालवा. रंधा थोडा तिरका गेला तरी फळ्या उघडल्यावर एकीची चूक दुसरीत जिरते. मग कडेला कड लावून उजेडासमोर धरा. टोकांना उजेड दिसता कामा नये. मधे कागदाएवढी फट चालेल, किंबहुना हवीच, म्हणजे शिकंजा आवळल्यावर टोकं घट्ट दाबली जातात.

साग तेलकट असतो. रंधा मारल्याबरोबर कड ॲसिटोनने पुसा, ते उडून जाऊ द्या आणि लगेच लाकडाचा पांढरा गोंद दोन्ही कडांना पातळ लावा. दर ६ इंचांवर शिकंजा, एक वरून, एक खालून, नाहीतर फळ्या कमानीसारख्या उचलतात. रेषेवर ज्वारीच्या दाण्याएवढे थेंब आले की थांबा. जास्त आवळलं तर गोंद सगळा बाहेर येऊन जोड उपाशी राहतो. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, दुपारी गोंदावर दोन-चार मिनिटांत साय धरते. थंडीत १० अंशांच्या खाली तो खडूसारखा पांढरा पडतो, धरत नाही.

शिकंजे दुसऱ्या दिवशी काढा, पण रंधा चार दिवसांनीच लावा. गोंदातल्या पाण्याने रेषेलगतचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं तर महिन्याभराने पॉलिशखाली तिथे बारीक खोलगट रेघ उमटते.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): ऑगस्टमध्ये जोडलेला बॉडीचा ठोकळा मे महिन्यात दोन्ही टोकांना उघडला. पोस्टकार्ड शिरेल एवढी फट आहे. भुसा आणि फेविकॉल भरू का?

उत्तर: नका भरू, पुढच्या मे महिन्यात परत उघडेल. लाकूड ओलं असताना जोडलं गेलं. फळीची टोकं मधल्या भागापेक्षा लवकर सुकतात, ती आधी आकसली आणि जोड तिथेच फाटला. अजून साच्याने कापलेलं नाही हे बरं झालं. जोडाच्या रेषेवरूनच करवतीने चिरा (पात्याचे ३ मिमी जातील), दोन्ही तुकडे सावलीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे कडा नव्याने रंधून जोडा. ठेवताना टोकांना ऑइल पेंट किंवा वितळलेलं मेण लावा. काम संपल्यावर पॉलिश फक्त दर्शनी बाजूला नको. पाठ, कडा आणि पिकअपच्या खड्ड्यांच्या आतूनही एक हात मारा, नाहीतर ओल एकाच बाजूने शिरते.

उरलेले दोन तुकडे त्याच गोंदाने जोडून दुसऱ्या दिवशी हातोडीने फोडून बघा. लाकूड फाटलं तर गोंद चांगला. रेषेवरच सुटलं तर गोंद जुना आहे किंवा कड नीट बसलेली नाही.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): शेतातली बाभूळ पडली आहे. तिची बॉडी होईल का?

उत्तर: होईल, पण साडेतीन किलोच्या घरात जाईल, आणि राऊटरची (खड्डे कोरायच्या मशीनची) पाती लवकर बोथट होतील. तिची मधली ४ इंची पट्टी करा, बाजूंना शिवण लावा. खोड आत्ताच चिरून, फळ्यांमध्ये इंचभर काड्या घालून सावलीत रचा. दर इंच जाडीला साधारण एक वर्ष धरा, म्हणजे दोन इंची फळीला दोन दिवाळ्या.