बेसबॉलच्या ड्राफ्टआधी (ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, शाळा-कॉलेजच्या पोरांमध्ये नेमकं काय बघतात? नुसता स्कोअर बघून भागत नाही का?

नाही भागत. अमेरिकेत शाळेच्या सामन्यात समोरचा पिचर (चेंडू टाकणारा) अगदीच कच्चा असू शकतो, त्याला धुतलं म्हणून काय सिद्ध होतं? त्यामुळे स्काउट धावफलकापेक्षा पोराचं अंग आणि हालचाल बघतो. पाच गोष्टी: बॅटला चेंडू लागणं, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण. प्रत्येकीला 20 ते 80 मध्ये गुण, 50 म्हणजे मेजर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, सरासरी खेळाडू. आणि गुण दोनदा देतात, आजचे वेगळे, पुढे होतील ते वेगळे. खरी कसोटी या दुसऱ्या आकड्यात.

मैदानावर बघाल तर स्काउट होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो ती जागा) मागे बसलेला, एका हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन, दुसऱ्यात स्टॉपवॉच. बॅटला चेंडू लागला की घड्याळ सुरू, पहिल्या बेसवर पाय पडला की बंद. उजव्या हाताच्या बॅटरला 4.3 सेकंदांच्या आसपास लागले तर ठीकठाक.

एवढं करूनही अंदाज चुकतातच. 2009 मध्ये माइक ट्राउट 25वा निवडला गेला. न्यू जर्सीची थंडी, तिथे शाळांचा मोसमच छोटा, पोरगा पुरेसा दिसणार कधी! गंमत म्हणजे त्याला निवडणाऱ्या एंजल्स संघानेही त्याच्या आधी, 24व्या क्रमांकावर, रँडल ग्रिचक घेतला होता. ट्राउट पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू, झाला. पुढे दिग्गज ठरलेला अल्बर्ट पुहोल्स तर 1999 मध्ये थेट 13व्या फेरीत, 402वा.