मुलगी अकरावीत आहे, इंजिनीअरिंगच्या फीची तयारी आत्तापासून करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, इंजिनीअरिंग करायचं म्हणते. तुम्ही ओबीसी, गावात किराणा दुकान, वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास. फीमाफीचं आत्ता बघावं की बारावीचा निकाल लागल्यावर? आणि एक जण सगळे दाखले काढून द्यायचे आठ हजार मागतोय, ते द्यावेत का?

मी २२ वर्षं एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसलो. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तोच प्रकार: मार्क चांगले, योजनेत बसतात, आणि एका कागदापायी अडलेत. म्हणून सांगतो, निकालाची वाट बघू नका.

तुमची बाजू तशी भक्कम आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पूर्वी ती निम्मीच मिळायची. मुलांना अजूनही निम्मीच. मात्र प्रवेश कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलात तर एक रुपयाही नाही. खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात येत नाहीत. कॅपमध्ये मनासारखी ब्रँच मिळाली नाही म्हणून रागारागाने खासगी विद्यापीठात जाऊन पहिला हप्ता भरणारे आणि मग 'साहेब, माफीचा फॉर्म कुठे भरायचा' म्हणून विचारणारे पालक मी पाहिलेत. त्यांना काय सांगायचं?

आता कागद. सगळ्यात वेळखाऊ आहे ती जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी: जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. उत्पन्नाचा दाखला काही दिवसांत मिळतो, व्हॅलिडिटीला महिने लागतात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला पुरावा मागतात. तुमच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद, असलं काही. ते शाळेत गेलेच नसतील तर चुलत्यांचं, आत्याचं बघा. घरात तुमची, भावाची किंवा भावाच्या मुलाची व्हॅलिडिटी आधीच निघालेली असेल तर निम्मं काम झालं. तिची प्रत जोडा, वंशावळ नीट लिहा. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर ते आत्ताच निस्तरा. समितीचं पत्र आल्यावर धावपळ होते आणि तिथेच दोन महिने जातात. मुलगी सायन्सला आहे, म्हणून ज्युनिअर कॉलेजच्या पत्रासह अर्ज आत्ताच करता येईल. प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटी नसेल तर सरकार कधीकधी मुदत देतं. त्यावर भिस्त ठेवू नका.

नॉन-क्रीमी लेअर (ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत आणि लोक त्यांचा घोळ घालतात. नॉन-क्रीमी ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात सगळं धरतात. तुमचं दुकान आहे, त्यामुळे ते दोन्हीकडे मोजलं जाणार. दोन्हींची मुदत ३१ मार्चशी बांधलेली असते. त्यामुळे आत्ता काढलेले बारावीनंतर चालतीलच असं नाही, प्रवेशाच्या वर्षी त्यांची मुदत बघा आणि संपली असेल तर एप्रिलमध्ये ताजे काढा. आणि दाखल्यावर उत्पन्न मुद्दाम कमी दाखवू नका. साडेतीन लाखांवर तुमचं काहीच अडत नाही. उलट पुढे कर्जासाठी बँकेत रिटर्न दाखवलंत की दोन्ही कागद एकमेकांशी भांडायला लागतात.

खरा खर्च फीमाफीनंतर सुरू होतो, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. डेव्हलपमेंट फी वेगळी असते, ती माफ होत नाही. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं तुमच्याच खिशातून. शुल्क नियामक प्राधिकरण खासगी कॉलेजांची फी ठरवून देतं आणि ती वेबसाइटवर बघता येते. कॅपचे पर्याय भरण्याआधी एका वहीत दर कॉलेजापुढे मांडा: ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, त्या गावात राहण्याचा खर्च किती. घरून बसने जाता येईल असं कॉलेज अशा मांडणीत बरेचदा वर येतं.

याच वहीत आणखी एक हिशेब करा. मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका कुटुंबातल्या दोनच मुलींना, आणि जागा मोजक्या. दोन सरकारी लाभ एकदम घेता येतीलच असं धरून चालू नका, त्या वर्षीचे नियम वाचा. एकच निवडायची वेळ आली तर कॉलेज कुठलं यावर सगळं अवलंबून आहे. सरकारी कॉलेजात ट्यूशन फी मुळात कमी, तिथे माफी मिळून हाती फारसं लागत नाही. अशा ठिकाणी प्रगतीचे ५०,००० जास्त फायद्याचे ठरू शकतात. खासगी कॉलेजात बहुतेक वेळा उलट. 'जी मिळेल ती' म्हणून आधी हाताला लागेल तो फॉर्म भरणारे इथेच फसतात.

उरलेल्या पैशासाठी कर्ज घ्यावं लागलं तर घाबरू नका. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज नॅक किंवा एनबीए (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) मानांकित असेल, तर शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. तुम्ही त्यात बसता. कॉलेज निवडताना मानांकन बघा म्हणतात ते या कारणासाठीसुद्धा.

बँक खात्याचं एक सांगायचं राहिलं. महाडीबीटीचे (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात असं समजू नका, आधार शेवटचं ज्या बँकेत जोडलंय तिथे जातात. माझ्या सख्ख्या पुतण्याचे पैसे वर्षभर 'आलेच नाहीत'. मी या कामातला माणूस, तरी मला उलगडेना. शेवटी सापडले ते आठवीत गणवेशाच्या पैशासाठी उघडलेल्या खात्यात. पासबुक वहिनींच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होतं. मुलीचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आजच तपासा, आणि आधार, दहावीची मार्कशीट, पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही.

राहिला तो आठ हजारवाला. दाखल्यांची सरकारी फी किरकोळ असते आणि सेतूत ती पावतीवर मिळते. व्हॅलिडिटीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंटवर प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा आणि समितीच्या कार्यालयात द्यायचा. तुमच्या वडिलांच्या शाळेतला उतारा तो माणूस आणून देणार नाही, त्या शाळेत तुम्हालाच जावं लागेल. मग आठ हजार कशाचे?