पाळी आली नाही, तरी दिवस जाऊ शकतात

प्रश्न : नऊ आठवड्यांपूर्वी साधं बाळंतपण झालं, टाके होते. संबंधाच्या वेळी आग होते, कोरडं वाटतं. बाळ अंगावर पितं, रात्री एकदा वरचं दूध देतो. पाळी आलेली नाही, म्हणजे इतक्यात दिवस जाणार नाहीत ना?

उत्तर : जाऊ शकतात. अंगावर पाजण्याचा भरवसा तीन अटी एकत्र पाळल्या तरच धरावा : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू नाही आणि बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटी आणि पाणीही नाही. पाजण्यात दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून मोठा खंड नको. तुमच्या रात्रीच्या बाटलीनं तिसरी अट मोडली. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळीची वाट बघत बसणाऱ्या पुष्कळजणी फसतात.

दिवस गेलेत का हे कळायला आधी लघवीची तपासणी करून घ्या, तोवर निरोध वापरा. मग सरकारी दवाखान्यात 'छाया' ही हार्मोन नसलेली गोळी (30 मिलिग्रॅम, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, पुढे एकदा), दर तीन महिन्यांनी 'अंतरा' इंजेक्शन किंवा दहा वर्षं चालणारी कॉपर-टी 380ए यांतलं निवडता येईल. अंगावर पाजताना माला-एन ही रोजची, इस्ट्रोजेन असलेली गोळी सहा महिन्यांपर्यंत नको.

कोरडेपणा तुमच्या मनाचा खेळ नव्हे. पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी असतं. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेली जेली मिळते, ती वापरा. खोबरेल तेल निरोधासोबत नको, रबर कमकुवत होऊन फाटतं. दुखणं टाक्याच्या एकाच जागी टोचत असेल तर तिथं तपासून घ्या. व्रण आवळलेला असू शकतो किंवा जास्तीचं मांस वाढलेलं असू शकतं, दोन्हींवर उपचार आहेत. सरसकट सांगितला जाणारा, योनीभोवतीच्या स्नायूंचा 'आवळा-सोडा' व्यायामही आधी विचारून करा. स्नायू मुळातच ताठलेले असतील तर त्यानं दुखणं वाढतं.

प्रश्न : मी आरोग्यसेविका आहे. घरभेटीत सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात. हा विषय काढायचा कसा?

उत्तर : टाके बघायचे आहेत म्हणून पडदा ओढा किंवा आतल्या खोलीत घ्या, ते तुमचं कामच आहे. थेट 'संबंध ठेवता का' असं विचारू नका. 'बाळंतपणानंतर बऱ्याचजणींना जवळ जाताना दुखतं किंवा भीती वाटते. तुम्हाला तसं काही होतं का?' असं विचारा आणि थांबा. या थांबण्यातच बाई बोलते. आपण घाईनं माहिती सुरू केली की ती गप्प होते.

पहिल्या भेटीत दोनच गोष्टी सांगा. रक्तस्राव थांबून जखम भरेपर्यंत थांबायचं, आणि तिची इच्छा नसेल तर सहा आठवड्यांनंतरही थांबायचं. 'सवा महिना झाला, आता चालतं' हे नवऱ्यानं ठरवायचं नसतं. त्याला गाठायचं तर बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला दोघांना बोलवा, साधनांची निवड तिथंच करा. मात्र तिचा होकार तिला एकटीला गाठून विचारा.

ताप, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड भिजवणारं रक्त किंवा पोटरी सुजून दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर गप्पा बंद, गाडी बोलवा.