लुगडं, कपाट आणि माळ्यावरची ट्रंक

(घर सजवण्याविषयी वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेची उत्तरं)

या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. मागच्या अंकानंतर दोघींनी ‘बाई, तुमच्या घराचे फोटो छापा’ असं कळवलं. साताऱ्यातल्या आमच्या घरात दिवाणावर कायम कुणीतरी झोपलेलं असतं, त्यामुळे फोटोचा योग येत नाही.

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. त्यांची अकरा सुती लुगडी आणि एक पैठणी बॅगेत आहे. मला गोधड्या करायच्या आहेत, पण मोठ्या नणंदबाई म्हणतात, गेलेल्या माणसाचं कापड घरात अंथरू नये. शिवाय मला शिवणकामाचा गंध नाही. — एक सून, डोंबिवली

नणंदबाईंशी वाद घालू नका. फक्त एवढंच विचारा, की त्यांच्या बाळंतपणात दुपटी कशाची होती? आपल्याकडे बाळाला पहिलं गुंडाळतात ते आजी-पणजीच्या लुगड्याच्या तुकड्यात, कारण नवं कापड टोचतं. त्या आजी-पणजीतली कितीजणी तेव्हा हयात असतात, हे कुणी विचारत नाही. माझ्या गोधडीचा एक कोपरा वडिलांच्या खाकी पँटचा आहे. झोपेत पायाचा अंगठा बरोब्बर तिथं जातो, आणि ते कापड इतरांपेक्षा जाड आहे हे अंधारातही कळतं.

आता हिशेब. नऊवारी म्हणजे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट, आणि पन्हा साधारण चार फूट. सात-सात फुटांचे तीन तुकडे काढलेत तरी सहा फूट उरतं. तीन तुकड्यांत एका माणसाची गोधडी होते: एक वर, एक खाली, एक मध्ये. डोंबिवलीच्या थंडीला तेवढी पुरे. आम्ही साताऱ्यात आत आणखी दोन थर घालतो. उरलेल्या सहा फुटांतून कोपऱ्यांचे त्रिकोण निघतील. लुगडं बसून-उठून मधेच विरतं, तेव्हा उजेडासमोर धरून बघा आणि विरलेला भाग आतल्या थराला द्या. काठ-पदर वर येऊ द्या. सगळी अकरा मात्र कापू नका. चार लुगडी घडी करून ठेवा, नणंदबाईंचं मन पुढच्या वर्षी बदलेल.

कापण्याआधी पांढरा ओला रुमाल कापडावर दाबून बघा. रुमालाला रंग लागला तर ते लुगडं वेगळं धुवा, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो म्हणतात. माझ्या एका लाल लुगड्यानं मीठ खाऊनही शेजारची चादर गुलाबी केली.

मग फरशीवर थर पसरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा (आमच्याकडे वरवंटा आणि डाळींचे डबे असतात) आणि वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालून घ्या. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे गाळतात आणि मग गोधडीला मध्ये पोट सुटतं. कच्चे टाके झाले की काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा आत-आत नेत मध्यावर संपवायचा. शिवणाचा गंध नसला तरी धावदोरा येतोच; सुई आत, सुई बाहेर, एवढंच त्याचं शास्त्र. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा. पहिल्या ओळीत तो गव्हाएवढा होईल, होऊ दे. शेवटच्या चौकोनापर्यंत हात बसतो आणि ते गोधडीवर दिसतंही. मला तर ते दिसलेलंच आवडतं.

पैठणी गोधडीत घालू नका. रेशीम घडीवर चिरतं, म्हणून वर्षातून दोनदा उघडून घडी बदला आणि धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. आणि दारावर जुनी जर घेणारा आला तर त्याला पाणी देऊन रवाना करा. तो जरीतल्या चांदीचं वजन करतो, विणीचं नाही.

जुन्या बाजारातून सागवानी म्हणून कपाट घेतलं. आठवड्यात त्याच्याखाली पिठासारखी भुकटी पडायला लागली. नवरा म्हणतो, आल्या वाटेनं परत पाठव. — पुणे

आधी माझी फजिती ऐका म्हणजे तुम्हाला धीर येईल. मी एकदा वेताची आरामखुर्ची स्वस्तात आणली. कुठून आणली ते सांगत नाही, दुकानदार भला माणूस होता. दुपारी तिच्यात बसून चहा घेतला, रात्री घरभर खाजवणं सुरू झालं. वेत जिथं लाकडात जातो त्या खाचेत ढेकूण होते. तीन गाद्या उन्हात, पलंग उकळत्या पाण्यानं, आणि आमचे हे आठ दिवस माझ्याशी एका शब्दात बोलत होते. तेव्हापासून जुनी वस्तू आली की ती आधी गॅलरीत, भर उन्हात राहते आणि मी बॅटरी घेऊन तिचे सांधे तपासते.

तुमच्याकडची भुकटी म्हणजे भुंगा. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं सापडतील. म्हणजे दुकानदारानं फसवलंच असं नाही. सागाचा आतला तेलकट, तपकिरी गाभा किडीला सहसा दाद देत नाही. खोडाच्या बाहेरचा पांढुरका भाग मात्र कीड आवडीनं खाते. जुने सुतारसुद्धा तो भाग पाठीला किंवा खणांच्या तळाला लावून मोकळे व्हायचे. तेव्हा भोकं कुठं आहेत ते बघा. पाठीच्या फळीत असतील तर फळी बदलून टाका, कपाट वाचलं. पायांत किंवा चौकटीत असतील तर लाकूड नखानं दाबा; दबलं तर नवऱ्याचं ऐका.

लाकूड घट्ट असेल तर हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीचं औषध मिळतं. ते इंजेक्शनच्या सिरिंजनं प्रत्येक भोकात भरायचं. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, आणि मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवून. नंतर भोकं मेणानं बुजवा. रॉकेल लोक वापरतात, पण त्यानं आतली अंडी मरतात यावर माझा विश्वास नाही, वर वास महिनाभर राहतो. औषधानंतर कपाटाखाली काळा कागद अंथरा आणि महिनाभर ते बाकीच्या लाकूडसामानापासून लांब ठेवा. कागदावर पांढरी रांगोळी पडली नाही तर ते तुमचं.

पॉलिश करायचं मनात असेल तर पावसाळ्यात नको. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचं (लाखेच्या पापडीचं) पॉलिश दमट हवेत पांढरं पडतं. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, मलमलच्या बोळ्यानं पातळ-पातळ हात मारा. एकदम जाड थर दिला की तो चिकट राहतो आणि साड्यांना लागतो.

माळ्यावर आजोबांचा तांब्याचा बंब आहे. त्याला भोकं पाडून हॉलमध्ये दिवा करायचा विचार आहे. भोकं कुणाकडून पाडून घ्यावीत? — ठाणे

कुणाकडूनच नाही. बंब चिंच-मिठानं घासा, कोरडा पुसा, दाराशी उभा करा आणि त्यात छत्र्या ठेवा. दिवा बाजारात मिळतो.

मी नववीत आहे. माझ्या खोलीच्या भिंतीवर वारली चित्र काढायचंय. बाबा म्हणतात भिंत खराब होईल. आणि मला ते गोल नाचणारे लोक सोडून दुसरं काही येत नाही. — नाशिक

बाबांचं अर्धं बरोबर आहे. तुझ्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट असेल तर त्यावर गेरू धरत नाही, पोपडे निघतात. वारल्यांच्या घराची भिंत कुडाची असते, वर शेणमातीचं लिंपण, त्यावर गेरू. ती भिंत रंग पिते. तुझी पीत नाही. म्हणून मांजरपाट घे, त्याला गेरूच्या रंगाचा अ‍ॅक्रिलिकचा हात दे, वाळल्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकनं चित्र काढ आणि कापड भिंतीवर टांग. घर बदललं तर चित्र गुंडाळून नेता येईल. मूळ पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो आणि ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून मऊ केलेली. काडीनं एकदा काढून बघच. ब्रशपेक्षा रेघ थरथरते, आणि चित्रात जीव येतो तो त्या थरथरीमुळे.

आता नाचणाऱ्या लोकांचं. पूर्वी ही चित्रं घरातल्या लग्नासाठी सवाशिणी काढायच्या. मध्ये पालघट या त्यांच्या लग्नातल्या देवीचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, असायचा. रोज, लग्नकार्याशिवाय, नुसत्या चित्राच्या ओढीनं काढायला लागले ते डहाणूकडचे जिव्या सोमा मशे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते त्यांच्या आजूबाजूला दिसायचं ते काढत: मासे धरायचं जाळं, मुंग्या, भातशेती. तूही तुझ्या खिडकीतून दिसतं ते काढ. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो. मग तो रिक्षात बसेल, पाण्याच्या टँकरमागे हंडा घेऊन पळेल, गच्चीवर पापड वाळत घालेल. देवीचा चौक मात्र सजावट म्हणून उचलू नकोस. तो त्यांच्या लग्नाचा आहे.

चित्र झालं की मला पाठव. मार्क देणार नाही.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. लहानपणी आमच्या घरात सगळं दुसऱ्याचं वापरलेलं होतं, पाटीपासून पलंगापर्यंत. नोकरीत पै-पै जोडून घर बांधलं, सगळं सामान कोरं करकरीत घेतलं. आता मुलगा आणि सून पैसे मोजून जुनी टेबलं, टवके उडालेल्या बरण्या आणतात. पाहुण्यांसमोर लाज वाटते. मी स्वतः माझी शिक्षणाच्या वेळची पत्र्याची ट्रंकसुद्धा माळ्यावर टाकून दिली. — कोल्हापूर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या मुलाला जुनं ‘निवडता’ येतं, तुम्हाला ते निवडता आलं नव्हतं. एवढा फरक त्यानं समजून घ्यायला हवा आणि तो त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? लाज वाटते असं नका म्हणू त्याला, पलंगाची गोष्ट सांगा. कुणाचा होता, कितीला आणला, हातगाडीवरून आणताना कोण-कोण बघत होतं. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी लिलावातून शाळेचं बाक आणलं होतं. त्यावर दुसऱ्याच मुलीचं नाव कोरलेलं होतं, आणि मी चौथी ते सातवी त्या नावावर वही ठेवून बसले. म्हणून मला तुमचं कळतं.

मुला-सुनेसाठी माझा नियम सांगते, तो त्यांना माझ्या नावानं वाचून दाखवा: जी जुनी वस्तू वापरात नाही ती सजावट नाही, अडगळ आहे. टवके उडालेल्या बरणीत लोणचं घालायचं असेल तर ती स्वयंपाकघरात राहील, नाहीतर जिथून आली तिथं जाईल. (टवका आतल्या बाजूला असेल तर लोणचंही नको, बरणीचा काचेसारखा लेप सुटून लोणच्यात पडला तर कळत नाही.) आणि एक वस्तू आत आली की एक बाहेर. सुनेला हे पटेल, कारण झाडायचं तिला असतं. मुलाला असतं असं कळलं तर फारच आनंद.

आणि ती ट्रंक खाली काढा. जड असेल, मुलाला काढायला सांगा. पाय दुमडून बसता येईल अशा उंचीची असेल तर हॉलमध्ये, गोधड्या ठेवायला. गंज असेल तिथं पॉलिश पेपर कोरडाच फिरवा, भुकटी पुसा आणि खोबरेल तेलाचा नुसता पुसट हात द्या. आत वर्तमानपत्र अंथरू नका, शाई कापडाला लागते. एखादं जुनं धुतलेलं धोतर अंथरा. सून बाहेरून निळा-पिवळा रंग द्यायचं म्हणेल. आतून काय हवा तो द्या म्हणावं. त्या काळी अशा ट्रंकांच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव आणि गाव घातलेलं असायचं. तुमच्याही असेल, तर तेवढ्या जागेवरून पॉलिश पेपर फिरवू देऊ नका.