भिंतीतलं एक सॉकेट आणि घरातली पाच यंत्रं

प्रश्न : आम्ही नाशिकला विद्यापीठाच्या कर्मचारी वसाहतीत राहतो. हॉलच्या भिंतीत इंटरनेटचं एकच सॉकेट आहे, त्यावर ह्यांचा लॅपटॉप चालतो. दोन मोबाइल आणि मुलीचा टॅब आवारातल्या वाय-फायवर चालतात. पण नवा वाय-फाय प्रिंटर त्यांना काही केल्या दिसत नाही. म्हणून एम. जी. रोडवरून राउटर आणला. सॉकेटची वायर त्यात घातली, तर वाय-फाय लागतं पण इंटरनेट येत नाही. घरापुरतं आपलं वेगळं नेटवर्क करता येईल का? आणि ते नियमात बसतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. राउटर लावायला परवानगी आहे का, हे विद्यापीठाच्या संगणक केंद्राला विचारा, आणि तोंडी नको, मेल करूनच विचारा. काही ठिकाणी सर्रास चालतं, काही ठिकाणी सक्त मनाई असते. जोडणी यजमानांच्या नावावर आहे. राउटरमागे टॅबवर कुणी काय उतरवलं हे केंद्राला वेगळं दिसत नाही, नोंद यजमानांच्याच नावे पडते. शेजाऱ्यांना पासवर्ड देताना हे आठवा.

प्रिंटर बिघडलेला नाही. मोठ्या आवारातल्या वाय-फायवर एका यंत्राला दुसरं यंत्र दिसू नये, अशी सोय बहुधा मुद्दाम केलेली असते. नाहीतर कुणीही कुणाच्या प्रिंटरवर कागद सोडला असता.

आणि राउटरवर इंटरनेट का नाही? प्रत्येक यंत्राला जन्मखुणेसारखा एक मॅक अ‍ॅड्रेस असतो. बहुतेक केंद्राने लॅपटॉपची खूण नोंदवून घेतली आहे, राउटर त्यांना अनोळखी. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर ही खूण छापलेली असते. ती मेलमध्येच कळवा. (लॅपटॉपची खूण राउटरला चिकटवायची सोय बऱ्याच राउटरांत असते, दुकानदार तीच सुचवेल. परवानगी नसताना ती वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या पासवर बस गाठणं.)

आता वायर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच मी आपटलो होतो. नाशिकमधल्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. एका संध्याकाळी घाईत मी भिंतीची वायर राउटरच्या ‘वॅन’ (म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठी) लिहिलेल्या भोकात न घालता शेजारच्या चार ‘लॅन’ (म्हणजे आतल्या यंत्रांसाठीच्या) भोकांपैकी एकात खुपसली आणि घरी गेलो. राउटर आपल्या लॅनवरच्या यंत्रांना पत्ते वाटतो (मॅक नव्हे, नेटवर्कवरचे आकडी ‘आयपी’ पत्ते). त्याला काय ठाऊक, की पलीकडे घर नसून तीन मजले आहेत! दुसऱ्या दिवशी सकाळी जो जो कॉम्प्युटर सुरू झाला, त्यातल्या निम्म्यांना माझ्या राउटरने पत्ता दिला. परीक्षा विभाग ठप्प. चोर सापडला दुपारी, कारण कॉलेजचे पत्ते १० ने सुरू होत आणि बंद पडलेल्या यंत्रांवर १९२.१६८.१ दिसत होतं. प्राचार्य काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही. तेव्हा भिंतीची वायर फक्त वॅनमध्ये. बहुधा ते भोक वेगळ्या रंगाचं असतं.

वॅनमध्ये घातल्यावर राउटर काय करतो? आमच्या पंचवटीतल्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती, पण पोस्टमनला घर नंबर एकच ठाऊक. टपाल मालकीणबाईंच्या ओट्यावर पडायचं, त्या ज्याचं त्याला पोचवायच्या. राउटर म्हणजे त्या मालकीणबाई. बाहेर पत्ता एक, आत बिऱ्हाडं हवी तितकी. आतल्यासाठी वापरायचे खासगी पत्ते १९९६ सालीच राखून ठेवलेले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. गंमत अशी, की विद्यापीठही आत हेच पत्ते वापरत असू शकतं. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर राउटरला आत कुठलं नि बाहेर कुठलं कळत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन घरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करून टाका. जोडणीचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ ठेवा, म्हणजे बाहेरचा पत्ता केंद्राकडून आपोआप येतो. केंद्राने आकडे लिहून दिले असतील तर ‘स्टॅटिक’ निवडून जसेच्या तसे भरा.

मग एखाद्या मोबाइलवर विद्यापीठाचं लॉगिनचं पान उघडेल. एकदा लॉगिन केलंत की बहुतेक ठिकाणी घरातली सगळी यंत्रं चालतात, मुदत संपली की पुन्हा करायचं. प्रिंटर घरच्या वाय-फायवर घ्या आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो हरवत नाही.

राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा ३ ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलंच घ्या. मधलं घेतलंत तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना त्रास.

परवानगी नाकारली तरी प्रिंटर अडत नाही, त्याला इंटरनेट लागतच नाही. राउटर भिंतीला न जोडता नुसता विजेवर लावा आणि प्रिंटर, मोबाइल, टॅब त्याच्या वाय-फायवर घ्या. छापायचं असेल तेवढ्यापुरतं मोबाइलला आवारातलं वाय-फाय सोडावं लागेल. पण हेही आधी विचारून, कारण काही केंद्रांना आवारात परका वाय-फायच नको असतो. तसं असेल तर यूएसबीची वायर आणा आणि प्रिंटर सरळ लॅपटॉपला जोडा. फक्त पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका.